आधी बस, मग भांड

सगुणाताई,

मी तुझ्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण गेलेल्या माणसाबद्दल खोटंही बोलू नये, आणि कालच्या शोकसभेत तुझ्याबद्दल इतकं गोडगोड खोटं कानावर पडलं की माझं डोकंच फिरलं. वॉर्डातले पुढारी बोलत सुटले. तू म्हणे शांत होतीस, सोशिक होतीस, त्यागाची मूर्ती होतीस. तू आणि शांत! माझ्या शेजारी शेवंता पदरात तोंड खुपसून हसायला लागली आणि हसता हसता हमसून रडली. याच गृहस्थांना तू भर बाजारात अडवून विचारलं होतंस, "मतं मागाया आमचं घर बरं सापडतं तुमाला. आन् घर चाललं म्हनून सांगाया आलो, तर तुमच्या दाराला कडी कशी?" हे काही त्यांच्या भाषणात आलं नाही. आणि पहिल्या रांगेत, पांढराशुभ्र सदरा घालून, हात जोडून आपला चाळमालक बसला होता. शेठ! डोळेसुद्धा पुसत होता.

त्यानं काय केलं ते तुला माहीत नाही. तुला घेऊन आम्ही नदीवर गेलो, त्रिसरण म्हटलं, तुला अग्नी दिला आणि परत आलो, तेव्हा तुझ्या खोलीला कुलूप होतं. तुझं नव्हे, त्याचं. नवंकोरं, पितळी. आत तुझी भांडीकुंडी, तुझं विड्यांचं सूप, नातींची दप्तरं. बाहेर तुझी लेक मंगल आणि तिच्या दोन पोरी. नवऱ्यानं टाकलेली मंगल, जिला तुझ्या खोलीशिवाय जगात दुसरं छप्पर नाही. दुसऱ्यांच्या घराला असं कुलूप लागू नये म्हणून तू सगळा जन्म काढलास आणि तुझी राख गार व्हायच्या आत तुझ्याच लेकीच्या तोंडावर दार बंद झालं.

मला ते दिवस आठवतात, जेव्हा मी तुला ओळखतही नव्हते. सिंहस्थाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. लाखो माणसं नाशकात येणार, त्यांना खोल्या लागणार, म्हणून पंचवटीकडच्या मालकांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. राहत्या माणसाला उठवायचं तर कोर्टकचेरी आली. त्यापेक्षा सोपी युक्ती होती. खोली बंद व्हायची वाट बघायची. बाई बाळंतपणाला माहेरी गेली, कुटुंब लग्नाला गेलं, कुणी विंचूरकडे कांदे काढायला गेलं, की मागं मालकाचा माणूस यायचा, सामान ओट्यावर काढायचा आणि आपलं कुलूप लावायचा. 'खोली सोडून गेले होते,' असं म्हणून मोकळा. चाळीत आम्ही नवीनच होतो आणि मी तेव्हा बाळंतपणासाठी नामपूरला आईकडे होते. ह्यांची कारखान्यात पाळी. समोरच्या खोलीतून शेठच्या माणसाला आमच्या दाराशी घुटमळताना तू पाहिलंस आणि संध्याकाळी सरळ ह्यांच्यापुढं हात पसरलास, "किल्ली द्या. मास्तरीण येईस्तोवर दिवसाचं मी बसते तुमच्या घरात."

ह्यांना संकोच वाटला. परक्या बाईला घराची किल्ली कशी द्यायची? तू म्हणालीस, "मी परकी, आन् कुलूप घेऊन हिंडतोय तो तुमचा सासरा का?" ह्यांनी किल्ली दिली. दुसऱ्या दिवसापासून तू विड्यांचं सूप, तंबाखू, पानं असा सगळा संसार घेऊन आमच्या खोलीत बसायला लागलीस. माणूस आला, दार ठोठावलं. "कोण आहे आत?"

"घरचं मानूस हाय."

"घरचं म्हणजे कोण?"

"चूल पेटलीया. धूर दिसंना व्हय तुला?"

तो गेला. परत आला, परत गेला. मला आई पोचवायला आली तेव्हा चाळीच्या तोंडाशीच तिनं तुला अहिराणीत विचारलं होतं, "घर शे ना वं?" तू मानेनंच हो म्हणालीस आणि माझ्या हातातलं बाळ घेतलंस. घर होतं. चूलसुद्धा गरम होती, आणि तिच्यावर माझ्यासाठी मेथीची भाजी होती, फार तिखट. बाळंतिणीला असं तिखट देतात का, यावरून आपलं पहिलं भांडण झालं.

तिथून ते 'बसणं' सुरू झालं. त्याला दुसरं नाव कधी पडलंच नाही. कोण गावाला चाललंय, कोण दवाखान्यात आहे, कुणाचा मालक गोड बोलायला लागलाय, हे सगळं सकाळी नळावर ठरायचं आणि तिथंच पाळ्या लागायच्या. विड्या वळणाऱ्या बायकांचं बरं होतं, सूप मांडीवर घेतलं की कुठलंही घर त्यांचा कारखाना. शेवंता गोधड्या शिवायची. मी शाळा सुटल्यावर पोरांचे पेपर तपासायला घेऊन जायची. आपल्या वस्तीतून हे लोण शेजारच्या चाळीत गेलं, नदीपलीकडे गेलं. कितीतरी घरं त्यामुळं टिकली. सगळी नाही टिकली. माझ्या वर्गातली ती घाऱ्या डोळ्यांची मुलगी आठवते? तिच्या आईबापांनी भाडं थकल्याच्या लाजेपायी कुणाला सांगितलं नाही, जत्रेला म्हणून गेले आणि आले ते कुलपासमोर. काही दिवस एसटी स्टँडच्या भिंतीला कुटुंब बसलेलं दिसायचं. पोरगी मला बघून तोंड फिरवायची. मग तीही दिसेनाशी झाली. तेव्हा तू माझ्यावरच ओरडलीस, "तुझ्या वर्गातली पोर होती, तिच्या घरचं तुला कसं कळंना?" मी उलट ओरडले. आपण दोघी दिवसभर बोललो नाही, आणि संध्याकाळी तू गुळाचा चहा आणून माझ्यापुढं आदळलास.

तुझे नियम तीनच होते. बसणाऱ्या बाईनं नाव सांगायचं नाही, नुसतं 'घरचं माणूस' म्हणायचं. लागलेल्या कुलपाला हात लावायचा नाही, "ज्यानं घातलं त्यानंच काढाया पायजे, आपन तोडलं का आपन चोर." आणि तिसरा माझ्यासाठी खास. कुठं काही झालं की मी कायदा सांगायला लागायची, अर्ज लिहायला बसायची. तू म्हणायचीस, "आधी बस, मग भांड." बसणाऱ्या बायकांचं मंडळ करून त्याची नोंदणी करू, म्हणून मी किती मागं लागले होते. तू ऐकलं नाहीस. "नाव दिलं का अध्यक्ष येतो. अध्यक्ष आला का खुर्ची येती. आन् खुर्चीवरची बाई लोकाच्या घरात भुईवर बसत नाय." मला अजूनही वाटतं की तू चुकलीस. नोंदलेली संस्था असती तर त्या कुलपापायी चौकीत गेलो तेव्हा आम्हाला कुणी 'तुम्ही कोण' असं विचारलं नसतं. हे भांडण अर्धंच राहिलं, आणि शेवटचा शब्द तुझा राहिला याचा मला राग आहे.

पण खरा राग दुसराच आहे. गिरजामावशीच्या नवऱ्याच्या मयताचा दिवस आठव. गिरजामावशी म्हणजे चाळीतली सगळ्यात म्हातारी बाई, जुन्या रीतीची. पुरुष ताटी उचलायला लागले आणि बायका दारातच थबकल्या, नेहमीसारख्या. तू कमरेला पदर खोचून पुढं झालीस. "जिनं जन्मभर रांधून घातलं तिनं उंबऱ्यातच का थांबायचं? चला गं. ज्याच्यासंगं जगलो त्याला शेवटपर्यंत पोचवायचं." मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते. गिरजामावशी मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "सगळ्यांनी जाऊ नये, बाय. मयताच्या घरात दिवा असतो, दिव्यापाशी मानूस लागतं. घर उघडं टाकू नये." तू हसलीस. "मेल्या मानसाला दिवा कशाला? जित्या मानसाला अजून वीज नाय." आम्ही सगळ्याजणी गेलो. ती एकटी दिव्यापाशी बसून राहिली. तिथून वस्तीत मयताला बायका जायला लागल्या, तुझ्यामुळं. मी त्याचा अभिमान बाळगला. गिरजामावशी मात्र प्रत्येक वेळी मागं राहायची आणि तू तिला चिडवायचीस, "म्हातारे, माझ्या येळेला तरी येशील का नाय?"

तुझी छाती दुखायला लागली तेव्हा मी तुला म्हटलं होतं की खोली तुझ्या नवऱ्याच्या नावावर, मग तुझ्या, मंगलचं नाव कुठंच नाही. शेठकडून पावतीवर तिचं नाव घालून घे. आणि तू दवाखान्यात गेलीस तर तुझ्याही खोलीत कुणीतरी बसायला हवं. तू काय म्हणालीस? "माझं घर कोन घेतंय? शेठ मला टरकतो." टरकत होता, ताई. तुला टरकत होता. तुझ्या भांड्यांना कशाला टरकेल? चाळ पाडून तिथं फ्लॅट बांधायचे त्याचे बेत सगळ्या नाशिकला ठाऊक होते. सगळ्या घरांच्या पाळ्या तू लावल्यास, तुझ्या घराची लावली नाहीस. दुसऱ्याच्या संकटात तुझं डोकं एवढं चालायचं, मग स्वतःच्या वेळी कुठं गेलं होतं? पोरींना तू वाऱ्यावर सोडलंस. हे मी तुझ्या तोंडावर म्हणणार होते. तू तशी वेळच येऊ दिली नाहीस.

त्या दिवशी अख्खी वस्ती आली होती. ज्यांच्या घरात आपण बसलो ती सगळी घरं आली होती, पांढरी पातळं नेसून, नदीपलीकडूनसुद्धा. शेठही हार घेऊन आला. मंगलसमोर उभा राहून म्हणाला, "घराकडे मी बघतो. तुम्ही सगळे निश्चिंत जा." आणि आम्ही, ज्यांनी त्याच्या माणसांशी वर्षानुवर्षं दारात हुज्जत घातली, त्या आम्ही चक्क मान डोलावली. तुझ्या चेहऱ्याकडं बघत होतो ना. तुला खांदा कुणी द्यायचा, यावरून बायकांत ओढाताण चालली होती. गिरजामावशीनं तुझ्या जागेवर पीठ पसरलं, पणती लावली. मला वाटलं, ही थांबेल, नेहमीसारखी. पण म्हातारी काठी टेकत आमच्या मागून निघाली. मी विचारलं, "मावशी, तुम्ही?" तर म्हणाली, "तिला येते म्हनून सांगितलं व्हतं." जी नवऱ्यालाही पोचवायला आली नव्हती ती तुझ्यासाठी वाकत वाकत नदीपर्यंत चालत आली. मागं कुणीच राहिलं नाही. घरं राखणाऱ्या एवढ्या बायका, आणि तुझं घर राखायला एकही नाही. तू शिकवलं होतंस तेच आम्ही केलं, ताई. एका बाईनं जरी तुझं ऐकलं नसतं तरी चाललं असतं.

परत आलो तर दाराला कुलूप, आणि फटीतून पणतीचा उजेड. मंगल दगडासारखी उभी. धाकटी पोर म्हणाली, "आई, आजीचा दिवा आत राहिला." शेवंता पाटा घेऊन कुलपावर धावली, तिला आम्ही चौघींनी धरलं. तुझा नियम. रडायचं बाजूला राहिलं आणि आम्ही दारासमोरच्या अंगणात स्टो पेटवले. शेठ अंगणापलीकडच्या आपल्या घराच्या गॅलरीत येऊन म्हणाला, "भाडेकरू बाई वारली, भाडं संपलं. लेक म्हणजे पाहुणी." मी कायदा सांगितला. सोबत राहणाऱ्या लेकीला खोलीचा हक्क असतो, हे मला पाठ आहे. तो म्हणाला, "राहत होती हे कोर्टात दाखवा." म्हणजे आत असेल त्याचं घर, आणि दाराला तर त्याचं कुलूप. चौकीत गेलो, तर हे कोर्टाचं काम. वकिलाकडं गेलो, तर तारीख मिळायला वेळ लागेल. पुढारी बाहेरगावी. दारासमोरून उठलो तर घर सोडलं म्हणतील, म्हणून तोवर मंगलच्या पोरी अंगणात गोणपाटावर झोपत होत्या, शाळेचा डबा स्टोवर होत होता, आणि जाणारेयेणारे 'अरेरे' म्हणत होते. त्या 'अरेरे'ची मला अशी चीड आली की सांगता सोय नाही.

मग कुलूप कुणी काढलं? ऐक, आणि तूही चीड. शेठची म्हातारी आई रोज देवळात जाताना आमच्यावरून जायची. मंगलकडं नाही, पोरींकडं नाही, कुणाकडं म्हणून बघायची नाही. एक दिवस गिरजामावशीनं तिला नुसतं एवढंच सांगितलं, "मयताचा दिवा आत हाय." म्हातारी जागच्या जागी उभी राहिली. परत फिरली. तिनं पोराला गॅलरीखाली बोलावून सगळ्यांदेखत विचारलं, "दिवा कोंडलास? मेलेल्या बाईचा दिवा कोंडलास तू?"

"आई, तू यात पडू नकोस."

"किल्ली आण."

त्यानं किल्ली आणली. स्वतःच्या हातानं कुलूप काढलं. तुझा नियम पाळला गेला, ताई, पण कशानं, ते बघ. कायद्यानं नाही, आमच्या बसण्यानं नाही, उघड्यावर झोपलेल्या दोन पोरींवरच्या दयेनंही नाही. ज्या दिव्याला तू हसायचीस त्या दिव्यासाठी दार उघडलं. पणती तर केव्हाच विझली होती. तेल संपून वातीचा कोळसा झाला होता. गिरजामावशीनं ती पदराआड घेतली आणि शेठच्या आईला दिसू दिली नाही. माझा संताप अनावर झाला. जिवंत पोरींची किंमत विझलेल्या पणतीएवढीसुद्धा नाही का, असं मी त्या म्हातारीला विचारायला निघाले होते. मंगलनं माझा हात धरला. "बाई, मागनं रागवा. आधी आत बसू." आवाज तिचा होता, पण बोलणं कुणाचं ते आम्हा सगळ्यांना कळलं.

आता तुला सांगते. परवा नळावर बायका जमल्या तेव्हा आम्ही तू पाडलेली एक रीत मोडली. यापुढं मयताला सगळ्या जायच्या, पण एक मागं राहायची. जिची पाळी असेल ती. मग मेलेली तिची सख्खी बहीण का असेना. गिरजामावशी म्हणाली, "मी म्हनत नव्हते?" तुला राग आला असेल तर ये आणि भांड. माझी तयारी आहे. तू आलीस तर मी पावतीवरच्या मंगलच्या नावाचंही काढीन, नोंदणीचंही काढीन, एकाही गोष्टीत तुला सोडणार नाही. तू मला मेथीच्या भाजीपासून आजवर एकदाही भांडण पुरं करू दिलं नाहीस. मला घर दिलंस आणि भांडायला माणूस दिलंस, आणि आता त्यातलं घर तेवढं राहिलंय.

हे मी तुझ्याच खोलीत बसून लिहिते आहे. मंगल विड्या पोचवायला गेली आहे, पोरी शाळेत आहेत, आज पाळी माझी. तुझं सूप खुंटीला आहे. चुलीवर भात आहे. बोळातून कुणाच्या तरी चपला वाजत आल्या आणि दाराशी थांबल्या. आत्ता, ही ओळ लिहिताना. दार ठोठावलं. शेठचाच माणूस आहे, आवाज ओळखीचा आहे.

"कोण आहे आत?"

मी वीस जणांत उभी राहून स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा, शाळा सांगणारी बाई. शुद्ध बोलणारी. तू माझी किती नक्कल करायचीस.

"घरचं मानूस हाय," मी ओरडले. चाळभर ऐकू गेलं असेल.